सांडणी म्हणजे काय

शाळेत मला सांडणी म्हणत. हे नाव आमच्या मराठीच्या गुरुजींनी ठेवलं. इतिहासाचे तासही तेच घ्यायचे. धड्यात एक वाक्य होतं, सांडणीस्वार खलिता घेऊन निघाला असं काहीतरी. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "गुरुजी, सांडणी म्हणजे काय?"

गुरुजींनी पुस्तक मिटलं. वर्गावरून सावकाश नजर फिरवली आणि ती शेवटच्या बाकावर, माझ्यावर आणून थांबवली.

"उभी राहा गं," ते मला म्हणाले.

मी उभी राहिले. चौदाव्या वर्षीच मी आईच्या डोक्यावरून पलीकडे बघत असे. मान लांब, हात लांब, परकर कितीही खाली सोडला तरी घोट्याच्या वरच.

"बघा. उंटाची मादी म्हणजे सांडणी. ही मान, हे पाय. चित्र काढायची गरज नाही."

चाळीस मुली हसल्या. गुरुजींनी कमरेची डबी काढली, चिमूटभर तपकीर ओढली आणि बोटं धोतराला पुसली. त्या धोतरावर उजव्या मांडीपाशी तपकिरी पट्टा पडलेला असे. वह्या तपासताना त्यांच्या नाकातून थेंब पडायचा आणि निबंधाच्या पानावर मातकट डाग उमटायचा. घरी गेल्यावर मी ते पान फाडून टाकी. माझ्या मराठीच्या वहीत धड निबंध कधी उरलेच नाहीत.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती. आमच्या औरंगाबादेत त्याआधी शाळा-कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. नंतर मराठी शाळा वाढल्या आणि शिकवायला पुण्याकडून माणसं आली. त्यातली पुष्कळशी भली होती. हे गुरुजी मात्र आमची जीभ धुऊन काढायलाच आल्यासारखे वागत. कुणी "व्हय" म्हटलं की दहा वेळा "होय" म्हणायला लावत. त्यांची एक जाड वही होती. तिच्या डाव्या बाजूला 'त्यांचे' शब्द आणि उजव्या बाजूला 'आपले'. डावीकडे शुतुर, उजवीकडे उष्ट्र. शुतुर म्हणजे फारसीत उंट. तो शब्द उच्चारताना गुरुजी मुद्दाम थुंकल्यासारखं करत आणि मुलींना हसवत. पुढं कितीतरी वर्षांनी, बी.ए.ला संस्कृत घेतल्यावर मला कळलं की शुतुर आणि उष्ट्र हे एकाच घरातले सख्खे शब्द आहेत, एक इराणात राहिला आणि एक इकडं वाढला. आपला उंट त्याच उष्ट्राचा. तेव्हा हे ठाऊक नव्हतं. गुरुजींनाही नसावं.

ते नाव शाळेतच राहिलं असतं तर मी सोसलं असतं. पण आमच्या बेगमपुऱ्यातल्या दोन मुली वर्गात होत्या. पंधरा दिवसांत ते गल्लीत आलं आणि तिथून घरात. आमच्याकडं आत्या राहायची, आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. देवगाव रंगारीला आमची शेती होती, ती तिचा नवराच बघायचा. नवरा गेल्यावर तिथलं बिऱ्हाड मोडून ती भावाकडं आली होती. तिला ते नाव फार आवडलं.

"खरं हाय त्या मास्तरचं," ती म्हणायची. "सांडणीच हाय ही. हिला शोभंल असा नवरा कुठून आणायचा? शिडी लावून माळ घालील का तो?"

आई भाकरी थापत असे. ती काही बोलत नसे. तिच्या त्या न बोलण्याचाही मला वीट यायचा.

मला त्या शब्दाचा अर्थ हवा होता. उंटाची मादी तर उंटीण व्हायला हवी. ही सांडणी कुठून आली? गावाकडं सांड म्हणजे मोकाट सोडलेला वळू. आत्या एखाद्या बाईला शिव्या द्यायची तेव्हा म्हणायची, सांडासारखी फिरती. मला हाच वास त्या शब्दाला येत होता, आणि गुरुजी बोलले नसले तरी त्यांच्या नजरेत तेच होतं असं मला वाटायचं. खात्री करायला विचारावं असं एकच माणूस मला माहीत होतं, आणि त्याच्याजवळून जाताना मी रोज नाक दाबत असे.

मकबऱ्याच्या रस्त्याला एक म्हातारा सांडणी घेऊन बसायचा. मकबरा बघायला येणाऱ्यांना तो फेरी मारून आणायचा. निजामाच्या अमलात तो टपालाचा शुतुरसवार होता असं आबा सांगत. ॲक्शननंतर ती नोकरी गेली आणि एक म्हातारी सांडणी तेवढी त्याच्यापाशी राहिली. मी तिला उंटच समजत होते.

शाळेतून येताना एक दिवस मी त्याच्यापुढं थांबले. सांडणी बसलेली होती. तिच्या मानेला आणि काखेत खरूज झालेली. म्हाताऱ्यानं त्यावर करंजाचं तेल आणि गंधक चोपडलेलं. तेलावर धूळ, धुळीवर माश्या. गुडघ्यांवर जुन्या चपलेच्या तळव्यासारखे घट्टे. ती रवंथ करत होती. खालचा जबडा एकीकडं, वरचा दुसरीकडं, आणि ओठांच्या फटीतून हिरवी लाळ दोरीसारखी लोंबत होती. तिनं श्वास सोडला की आंबलेल्या कडब्याचा भपकारा यायचा. मला घरी पळावंसं वाटलं. ही मी, असं मनात आलं.

"चाचा," मी विचारलं, "सांडणी म्हणजे काय?"

"ये क्या बैठी है सामने," तो म्हणाला. "फेरी मारनी है?"

"नको. शब्दाचा अर्थ सांगा."

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं. त्याला खोकल्याचा विकार होता. दर दोन वाक्यांनी तो बाजूला खाकरून थुंकायचा, आणि मी नजर वळवायची.

"लफ्ज का मेरेकू क्या मालूम, बेटा. काम का मालूम है. डाक हमेशा सांडनी पे जाती थी. नर पे नै."

"का?"

"नर कू कभी मस्ती में देखी क्या तू?"

मी नाही म्हटलं. मग त्यानं जे सांगितलं ते ऐकायला नको होतं आणि ऐकल्याशिवाय हलवतही नव्हतं. थंडीच्या दिवसांत नर माजावर येतो. घशातून लाल मांसाचा फुगा बाहेर काढतो, तो तोंडाच्या बाजूला लोंबतो, आतून पाणी उकळल्यासारखा आवाज येतो. तोंडाभोवती फेस. मागं पाय फाकवून स्वतःच्या शेपटीवर मुततो आणि ती शेपटी पाठीवर आपटत राहतो, स्वाराच्या अंगावर शिंतोडे उडवत. खात नाही, ऐकत नाही, दिसेल त्याला चावायला धावतो.

"दो-दो महिने दिमाग ठिकाने पे नै रहता उसका," म्हातारा म्हणाला. "सरकारी थैली ऐसे के भरोसे कौन देगा? सांडनी बारा महिने सीधी चलती. बदन की हलकी, चाल की तेज. मैं जालने तक इसकी माँ पे जाता था. थैली कभी गिरी नै."

त्यानं तिच्या त्या तेलकट, खरजुल्या मानेवर हात ठेवला. मला शिसारी आली, पण मी घरी गेले ती पहिल्यांदाच मान वर करून.

तरी शब्द उलगडला नव्हताच. शाळेत मोठ्या बाईंच्या खोलीत एक कपाट होतं, त्यात एक जाडजूड जुना कोश. शनिवारी अर्धा दिवस शाळा असे. मी निबंधाचं कारण सांगून बाईंकडून किल्ली घेतली आणि जमिनीवर बसून कोश उघडला. सांडणी सापडली. चपळ चालीची, स्वारीची उंटीण. शेजारी लिहिलं होतं, सांड पाहा. सांड पाहिला. खच्ची न केलेला बैल. मूळ संस्कृत: 'स' म्हणजे सहित, आणि पुढं अंड.

मी ते तीनदा वाचलं. कान तापले. म्हणजे बैलाचं जे काढलेलं नाही त्यावरून बैलाला नाव, आणि त्या नावाला 'णी' जोडून उंटाच्या मादीला. जिच्याजवळ ते नव्हतंच, जिला नराचं काहीच नको म्हणून टपालाला निवडलं, तिच्या कपाळीही शेवटी त्याच्याच गोट्या. मी कोश मिटला आणि हात परकराला पुसले. त्या कोशाला काही लागलेलं नव्हतं.

हे ज्ञान मी माझ्यापाशीच ठेवलं असतं. पण पुढच्या महिन्यात शाळेची तपासणी झाली. तपासनीस साहेब उंच कॉलरचा कोट घालून आले, आमच्या वर्गात बसले. मोठ्या बाई दाराशी उभ्या. गुरुजींचं धोतर त्या दिवशी पांढरंशुभ्र होतं. साहेबांनी इतिहासाचं पुस्तक चाळलं आणि विचारलं, "सांडणीस्वार म्हणजे कोण, कोण सांगेल?"

वर्गात खसखस पिकली. सगळ्या मुली मागं वळून माझ्याकडं बघायला लागल्या. साहेबांना कारण कळेना.

गुरुजी हसून पुढं झाले. "साहेब, हा अस्सल देशी शब्द. सांडणे या क्रियापदावरून. या जनावराच्या तोंडातून सतत लाळ सांडते, म्हणून सांडणी."

साहेब म्हणाले, "असं आहे का? कुणाला वेगळं माहीत आहे?" त्यांनी ते सहज विचारलं होतं. उत्तराची त्यांना अपेक्षा नव्हती.

मी उभी राहिले. "सांडणे वरून नाही," मी म्हणाले. "सांड वरून आहे. सांड म्हणजे खच्ची न केलेला. स आणि अंड. अंडासहित तो सांड, त्याचं स्त्रीलिंग सांडणी. टपालाला मादीच वापरत, कारण नर माजावर आला की कामाचा राहत नाही."

साहेबांनी डोळे पुस्तकावर ठेवले, एक पान उलटलं आणि म्हणाले, "बस." मग त्यांनी दुसऱ्या मुलीला अहमदनगरच्या किल्ल्याविषयी विचारलं. मी बरोबर आहे हे त्यांना कळलं होतं. त्यांचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी आबांना शाळेत बोलावणं आलं. आबा कोर्टात कारकून होते. त्यांचं सारं शिक्षण उर्दूत झालेलं. ॲक्शननंतर कचेरीची भाषा बदलली आणि चाळिशीत त्यांना मराठी मसुदे लिहायला बसावं लागलं. त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान हुद्देदार त्यांच्या ऱ्हस्वदीर्घावर लाल शाईनं गोल काढत. आबा मान खाली घालून कागद परत लिहीत. शाळेच्या खोलीतही ते तसेच उभे राहिले. टोपी हातात होती.

गुरुजींनी त्यांना झालेला प्रकार सांगितला. ती शब्दफोड सांगायची वेळ आली तेव्हा ते म्हणाले, "तो शब्द मी माझ्या तोंडानं उच्चारणार नाही."

आबांनी विचारलं, "तिनं सांगितलं ते चूक हाय का?"

"चूक-बरोबरचा प्रश्न नाही. मुलीच्या जातीनं साहेबांसमोर असं बोलावं?"

"कोशात हाय म्हणती ती."

"कोशात पुष्कळ घाण असते," गुरुजी म्हणाले. "ती उपसायची नसते. मोठ्या बाई, एक तर हिनं माफी मागावी, नाही तर हिला घरी ठेवावं. दुसऱ्या मुलींवर परिणाम होतो."

मोठ्या बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांनीच मला किल्ली दिली होती.

आबा माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाया पड गुरुजींच्या."

मी पडले. जमिनीवर डोकं टेकवताना त्यांचा पाय नाकासमोर आला. अंगठ्याचं नख पिवळं, जाड, मधोमध चिरलेलं, आणि फटीत तपकिरीसारखीच काळपट माती. मी म्हणाले, "चुकलं गुरुजी." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात ओलसर होता. तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. म्हणाले, "मुलगी हुशार आहे, फक्त वळण हवं." घरी गेल्यावर मी डोक्यावरून दोन बादल्या पाणी घेतलं. आयुष्यात पुढं बऱ्याच लोकांची मला किळस आली. पण "चुकलं" असं म्हणताना आलेल्या माझ्याच आवाजाइतकी किळस कुणाची आली नाही.

परतताना आबा खामच्या पुलावर थांबले. खाली नदीत गटाराचं पाणी आणि त्यात डुकरं.

"तुला मॅट्रिक व्हायचंय नं?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मग झालं."

ते पुढं चालायला लागले. त्यांनी मला शाळेत ठेवण्यासाठीच हे केलं हे मला तेव्हाही कळत होतं. तरी मी त्यांच्यामागून दहा पावलांचं अंतर ठेवून चालले.

म्हाताऱ्याला अर्थ सांगायचं माझ्या मनात होतं, पण पायच वळले नाहीत. त्याच्याच बोलण्यावरून मी वर्गात शहाणपण केलं आणि तोंडघशी पडले, असं मी ठरवून टाकलं होतं. मी दुसऱ्या गल्लीतून शाळेला जाऊ लागले.

वैशाखात सांडणी मेली. मकई दरवाजाच्या अलीकडं, भर रस्त्याच्या कडेला ती बसली ती उठली नाही. ही बातमी सगळ्या बेगमपुऱ्यात झाली आणि संध्याकाळपर्यंत लोक विसरले. दुसऱ्या दिवशी दुपारी वास घरात आला. तिला उचलायचं कुणी, हा वाद सुरू झाला. नगरपालिकेचा माणूस येऊन बघून गेला आणि म्हणाला, एवढं मोठं जनावर गाडीत मावत नाही. ज्यांच्याकडून सगळे पिढ्यान्पिढ्या मेलेली ढोरं ओढून घेत आले होते त्यांच्या वस्तीत लोक गेले, तर तिथल्या माणसांनी ठामपणे सांगितलं, आम्ही ते काम सोडलं. गल्लीतले शिकलेले लोक त्यावर तोंडाला येईल ते बोलत होते आणि स्वतः दोरीला हात लावायला एकही तयार नव्हता. आमची आत्या त्यात सगळ्यात पुढं. तिसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि एका बाजूनं फुटलं.

मला शाळेला जायला आता त्या रस्त्याशिवाय इलाज नव्हता. दुसऱ्या गल्लीत पाइपासाठी चर खणला होता. मी ओढणी नाकातोंडावर घट्ट बांधून निघाले. म्हातारा तिच्या डोक्यापाशी बसला होता. हातात लिंबाची डहाळी, तिनं तो माश्या हाकत होता. तीन दिवस तो तिथून हलला नव्हता असं म्हणत. सांडणीचे डोळे कावळ्यांनी काढले होते. खालून पाझरलेलं काहीतरी रस्त्यावर पसरून वाळलं होतं, त्यात किडे वळवळत होते.

म्हाताऱ्यानं मला ओळखलं. "बेटा," तो म्हणाला. आवाज निघत नव्हता. "जरा पानी दे."

माझ्याजवळ पाणी नव्हतं, पण वीस पावलांवर नळ होता आणि त्याचं टमरेल त्याच्या बाजूलाच पडलं होतं. टमरेल उचलायला वाकावं लागलं असतं. त्याच्या कडेवर माश्या बसल्या होत्या. मी एक पाऊल मागं सरले. मग आणखी एक. मग भिंतीला धरून ओकले आणि शाळेकडं न जाता घराकडं पळत सुटले.

घरात आई आणि आत्या होत्या. आईनं माझं तोंड धुतलं, काय झालं ते विचारलं. मी सांगितलं.

"मग दिलंस का पाणी?" आईनं विचारलं.

"नाय."

आई उठली. पाण्याच्या मडक्यावर आमचा घरातला पितळी तांब्या पालथा ठेवलेला असे. तो तिनं भरला.

आत्या म्हणाली, "अगं, तो तांब्या नको. जर्मनचं भांडं ने की एखादं."

आईनं पदर नाकाला लावला, दुसऱ्या हातात तांब्या धरला आणि ती उन्हात निघून गेली. मी खिडकीतून तिला कोपऱ्यापर्यंत जाताना पाहिलं. आई कधी एकटी मकई दरवाजापर्यंत गेली नव्हती.

बऱ्याच वेळानं ती आली. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम. तांब्या रिकामा होता. तिनं तो राखेनं घासला, पुन्हा भरून ठेवला, हातपाय धुतले. म्हणाली, "ट्रक आलाय नगरपालिकेचा. मागच्या पायाला दोर बांधलाय. म्हातारा नाकातली वेसण काढून घेत व्हता. निघत नव्हती. मी धरलं डोकं."

आत्यानं तोंडावर पदर दाबला.

"तू हात लावलास?" मी विचारलं.

"व्हय," आई म्हणाली आणि परातीत पीठ काढायला बसली.

पुढं तो म्हातारा जालन्याला लेकीकडं गेला असं ऐकलं. मी मॅट्रिक झाले, नंतर मराठीची शिक्षिका झाले. त्या दिवशी दुपारी आईनं भाकरी केली, वांग्याची भाजी केली आणि ताट माझ्यापुढं ठेवलं. तिच्या बोटांना अजून तो वास होता. मी ताट सरकवलं. तिनं आग्रह केला नाही. माझं ताट स्वतःकडं ओढलं आणि जेवली.